जबलपूरचा चिलखती डायनोसॉर आणि आपल्या खानदेशचा काळा दगड



विहीर खोदताना, शेततळं करताना किंवा रोजगार हमीच्या कामावर नाला खणताना कधीकधी एखादा वेगळाच दगड हाती येतो. गुळगुळीत गोल असतो, नाहीतर हाडासारखा लांबोडका. मग बांधावर चर्चा सुरू होते. म्हातारी माणसं म्हणतात, राक्षसाचं हाड आहे. कोणी त्याला शेंदूर लावून झाडाखाली ठेवतं. आणि मोबाइलवर व्हिडिओ पाहिलेली पोरं म्हणतात, "आई, हे तर डायनोसॉरचं अंडं!"

यातलं खरं काय, हे ठरवायचं कसं? हा प्रश्न फक्त आपल्यालाच पडतो असं नाही. मोठ्या शास्त्रज्ञांनाही तो पडला, आणि त्यांचंही उत्तर एकदा चुकलं, मग बदललं. आज त्याचीच गोष्ट सांगते. गोष्ट जबलपूरची आहे. भुसावळला गाडीत बसलं की खंडवा, इटारसी करत आपण तिथं पोचतो, म्हणजे तशी आपल्या शेजारचीच. आणि गोष्ट आहे अंगावर चिलखत घातलेल्या एका डायनोसॉरची.

अंगावरचं चिलखत

आधी चिलखत म्हणजे काय ते पाहू. मगरीची पाठ चित्रात तरी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. त्या पाठीवरच्या उंचवट्यांच्या खाली खरोखरची हाडं असतात. ती सांगाड्याची हाडं नव्हेत, कातडीतच तयार झालेली असतात. कासवाच्या पाठीतही हाड असतं. खवल्या मांजराचे खवले मात्र हाडाचे नसतात, ते आपल्या नखासारखे असतात. हा फरक लक्षात ठेवा. नख मातीत कुजून जातं, हाडाचा दगड होऊ शकतो.

डायनोसॉरमध्ये एक कूळच असं होतं की ज्यांच्या पाठीवर हाडाच्या ढाली, काटे आणि गोटे होते. चार पायांवर चालणारी, पाला खाणारी, अंगानं बसकी जनावरं. पळता येत नाही, मग अंगावरच किल्ला बांधून घेतला असं समजा. काहींच्या शेपटीच्या टोकाला हाडाची गदाही होती. असला पहिला प्राणी १८३२ मध्ये इंग्लंडच्या ससेक्स भागातल्या दगडाच्या खाणीत सापडला. गिडिऑन मँटेल नावाच्या डॉक्टरनं त्याचं नाव हायलिओसॉरस ठेवलं. पुढं १८४२ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी "डायनोसॉर" हा शब्द पहिल्यांदा छापला. त्यांनी तो ज्या तीन प्राण्यांच्या आधारे बनवला, त्यातला एक हा चिलखतवाला होता.

छावणीतली टेकडी

आता जबलपूरला जाऊ. तिथल्या लष्करी छावणीत बडा शिमला नावाची एक टेकडी आहे. १८२८ मध्ये कॅप्टन स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याला तिथं दगड झालेली हाडं मिळाली. ठगांचा बंदोबस्त केला म्हणून ज्याचं नाव इतिहासात घेतात, तोच हा स्लीमन. गंमत बघा, "डायनोसॉर" हा शब्द जन्माला यायला अजून चौदा वर्षं होती! त्यामुळं हाती काय लागलंय हे त्याला कळणं शक्यच नव्हतं. ती हाडं या हातातून त्या हातात गेली आणि १८७७ मध्ये रिचर्ड लायडेकर यांनी त्या प्राण्याला नाव दिलं, टायटॅनोसॉरस इंडिकस. लांब मानेचा, लांब शेपटीचा, हत्तीहून कितीतरी मोठा, पाला खाणारा. भारतातला नाव मिळालेला हा पहिला डायनोसॉर.

त्यानंतर १९१७ ते १९१९ या काळात चार्ल्स मॅटली हे इंग्रज भूशास्त्रज्ञ त्याच टेकडीवर खोदकाम करत होते. त्यांना कमरेची हाडं मिळाली, नडगीचं हाड मिळालं, आणि त्याच जागेत कातडीतल्या हाडांच्या पुष्कळ चकत्या मिळाल्या. त्यांनी विचार केला, सगळं एकाच ठिकाणी सापडलं, म्हणजे एकाच जनावराचं असणार. कंबर आहे, पाय आहे, वर चिलखत आहे, म्हणजे हा चिलखती डायनोसॉर. १९२३ च्या सुमारास त्यांनी तसा लेख छापला आणि प्राण्याला नाव दिलं लॅमेटासॉरस इंडिकस. नर्मदेवर जबलपूरजवळ लमेटा घाट आहे. तिथल्या खडकाला लमेटाचे थर म्हणतात, त्यावरून हे नाव. भारतात चिलखती डायनोसॉर होता, ही बातमी पुस्तकांत गेली.

लग्नघरची भांडी

आता मैत्रिणींनो, एक लग्नघर डोळ्यांसमोर आणा. वऱ्हाड जेवून गेलंय आणि मोरीजवळ भांड्यांचा ढीग पडलाय. मामींची परात, शेजारच्या काकूंचं पातेलं, बचत गटाच्या कढया, मंडपवाल्याची ताटं, सगळं एकत्र. नवखा माणूस तो ढीग बघून म्हणेल, या घरी किती भांडी आहेत! पण आपल्याला माहीत असतं की ढीग एक असला तरी भांडी चार घरांची आहेत. म्हणून तर आपण भांड्यांवर नाव घालून घेतो.

बडा शिमला टेकडीवर असाच ढीग होता. नदीच्या पाण्यानं वाहून आणलेली, वेगवेगळ्या जनावरांची हाडं एकाच जागी साचली होती. हाडांवर नावं कोरलेली नसतात, पण आकारातून घराणं कळतं. बनारसच्या हिंदू विद्यापीठातले धीरेंद्र किशोर चक्रवर्ती यांनी ती घराणी नीट तपासली. १९३५ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या एका शास्त्रीय नियतकालिकात लेख लिहिला. त्याचं शीर्षकच प्रश्न होतं: लॅमेटासॉरस हा चिलखती डायनोसॉर आहे का? त्यांचं उत्तर होतं, नाही. कंबर आणि नडगी दोन पायांवर चालणाऱ्या मांसाहारी डायनोसॉरची आहेत, आणि चकत्या दुसऱ्याच कुणाच्या. मॅटलींचा प्राणी म्हणजे चार साड्यांचे तुकडे जोडून शिवलेली गोधडी होती.

विचार करा, तो काळ इंग्रजांच्या राज्याचा. साहेबानं छापलेलं खोटं ठरवायचं तर हिंमत लागते. पण चक्रवर्तींनी हुज्जत घातली नाही, हाडांचे आकार पुढं ठेवले. आज अभ्यासक त्यांचंच म्हणणं मानतात. अर्थात चक्रवर्तींचाही प्रत्येक अंदाज टिकला असं नाही. जबलपूरच्याच एका दंडाच्या हाडावरून त्यांनी दुसरा एक चिलखती कुळातला प्राणी सांगितला होता, आणि त्याबद्दल आज शंका घेतली जाते. शास्त्र असंच चालतं. कोण म्हणालं यापेक्षा पुरावा काय आहे, ते बघितलं जातं.

आणि आता सगळ्यात वाईट वाटावं अशी गोष्ट. मॅटलींनी वर्णन केलेली ती कंबर आणि ती नडगी आज सापडत नाहीत. संग्रहातून ती गहाळ झाली. आज नवी यंत्रं आहेत, नवं ज्ञान आहे, पण तपासायचं काय? उलट टायटॅनोसॉरसचंही असंच झालं होतं, हाडं हरवली असं सगळे धरून चालले होते. पण २०१२ मध्ये कोलकात्याला भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात त्यातला एक मणका पुन्हा मिळाला. त्या शोधात नागपूरचे भूशास्त्रज्ञ धनंजय मोहबे होते. वस्तू जपून ठेवली आणि तिच्यावर चिठ्ठी असली, तर दीडशे वर्षांनीही ती बोलते.

मग त्या चकत्या कुणाच्या?

हा प्रश्न राहिलाच. उत्तराचा धागा मादागास्कर बेटावर होता. १८९६ मध्ये शार्ल देपेरे या फ्रेंच शास्त्रज्ञानं तिथली हाडं पाहून म्हटलं की लांब मानेच्या डायनोसॉरच्या कातडीतही हाडं होती. लोकांना ते पटलं नाही. एवढं मोठं धूड, त्याला चिलखत कशाला? पुढं १९८० मध्ये अर्जेंटिनातला साल्टासॉरस जाहीर झाला, लांब मानेचा आणि अंगावर हाडाच्या ढाली असलेला. चौऱ्यांशी वर्षांनी देपेरे खरे ठरले. २००९ मध्ये भारतातल्याही एका टायटॅनोसॉर कुळातल्या प्राण्याच्या कातडीतलं हाड खात्रीनं ओळखलं गेलं. त्यामुळं जबलपूरच्या चकत्याही लांब मानेच्या टायटॅनोसॉर कुळाच्या असाव्यात, असं आज बहुतेक अभ्यासक मानतात.

पण ते चिलखत लढाईचं होतं का? २०११ मध्ये क्रिस्टिना करी रॉजर्स या बाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मादागास्करच्या अशाच एका प्राण्याच्या कातडीतलं मोठं हाड तपासलं. पूर्ण वाढलेल्या जनावरात ते आतून पोकळ झालं होतं. त्यांचा अंदाज असा की ही हाडं म्हणजे चुन्याची, म्हणजे कॅल्शियमची कोठारं असावीत. दुष्काळ पडला किंवा अंडी घालायची वेळ आली की शरीर त्यातून काढून वापरत असावं. आपल्याला हे समजावून सांगायला नको. गाय व्याली की तिच्या अंगातलं कॅल्शियम एकदम उतरतं आणि ती बसते. बाळंतिणीला आशाताई गोळ्या देतात त्या त्याचसाठी. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आईलाही तीच चिंता होती, एवढंच. आणि तेव्हा मादागास्कर आपल्या भूमीपासून फार जुना तुटलेला नव्हता, म्हणून तिथले आणि इथले प्राणी एकमेकांचे नातलग लागतात.

दक्षिणेतला चकवा आणि एक गरीब मुलगी

दुसरा प्रकार तामिळनाडूत अरियलूर भागात झाला. १९७९ मध्ये तिथल्या हाडांवरून द्रविडोसॉरस नावाचा, पाठीवर उभ्या पाट्या असलेला डायनोसॉर जाहीर झाला. पुढं शंकर चटर्जी यांनी हाडं तपासून सांगितलं की हा जमिनीवरचा प्राणी दिसत नाही, हा तर प्लेसिओसॉर, म्हणजे समुद्रात पोहणारा, वल्ह्यासारखे पाय असलेला प्राणी. इथं खडकानंही साक्ष दिली. ज्या खडकात हाडं होती, तो समुद्राच्या तळाशी साचलेला आहे. जमिनीवरचं जनावर वाहत समुद्रात जाऊ शकतं, पण आधी समुद्रातल्या जनावरांचा विचार करायला हवा. त्या हाडांवर अजूनही चर्चा चालते, पण चिलखती डायनोसॉरचा पक्का पुरावा म्हणून ती कोणी धरत नाही.

प्लेसिओसॉरचं नाव निघालं म्हणून एका बाईंचं नाव घेतलंच पाहिजे. मेरी ॲनिंग. इंग्लंडमध्ये समुद्रकाठी राहणाऱ्या सुताराची मुलगी. बाप लहानपणीच गेला, कर्ज मागं राहिलं. कड्यांमधून निघणारे दगडी शंख आणि हाडं विकून ती घर चालवायची. १८२३ मध्ये तिनं प्लेसिओसॉरचा पहिला पूर्ण सांगाडा शोधला. मोठे मोठे विद्वान तिच्याकडून वस्तू न्यायचे, तिच्याशी चर्चा करायचे, आणि लेखात तिचं नाव घालायचं विसरायचे. लंडनच्या भूशास्त्र मंडळानं बायकांना सभासद करून घेतलं ते १९१९ मध्ये, तिच्या मरणानंतर सत्तर वर्षं उलटून गेल्यावर. ज्यांचे हात मातीत असतात त्यांचं नाव कागदावर येत नाही, हे काही आपल्याकडंच घडतं असं नाही.

खरा चिलखतवाला महाराष्ट्राच्या वेशीवर

मग भारतात खरा चिलखती डायनोसॉर होता की नाही? होता. आणि त्याचा पत्ता आपल्या महाराष्ट्राच्या अगदी वेशीवरचा आहे. गडचिरोली जिल्ह्यात सिरोंचाजवळ प्राणहिता नदीकाठी कोटा नावाचं गाव आहे. त्या गावावरून तिथल्या खडकाला कोटाचे थर म्हणतात. हे थर प्राणहिता आणि गोदावरीच्या खोऱ्यात तेलंगणातही पसरले आहेत. याच थरांमध्ये तेलंगणाच्या बाजूला बारापासॉरस हा लांब मानेचा प्रचंड डायनोसॉर मिळाला. बंगालीत "बडा पा" म्हणजे मोठा पाय, आणि पूर्ण नावात रवींद्रनाथ टागोरांचंही नाव गुंफलं आहे.

२००२ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी कोटाच्या थरांतून चिलखती डायनोसॉरची पहिली नोंद प्रसिद्ध केली. २०१९ मध्ये पीटर गॉल्टन यांनी त्या चिलखताच्या तुकड्यांचा पुन्हा अभ्यास केला. त्यांच्या मते जगात या कुळाचा हा सगळ्यात जुना पुरावा आहे. कोटाचे हे खालचे थर ज्युरासिक काळाच्या आरंभीचे, म्हणजे जबलपूरच्या थरांपेक्षा दहा कोटी वर्षांहूनही जास्त जुने. जबलपूरला जे शोधलं ते तिथं नव्हतं, आणि जे खरं होतं ते प्राणहितेच्या काठी दगडात निजलेलं होतं.

खडकाचं मूळगाव

आता आपल्या खानदेशाकडं येऊ. आपल्याकडं असं काही मिळेल का? याचं उत्तर दगडापेक्षा खडकात आहे. हाडाचा दगड व्हायचा तर जनावर मेल्यावर लवकर गाळात पुरलं जायला हवं. त्यावर माती, वाळू चढत जाते. पाण्यातले क्षार हाडाच्या बारीक छिद्रांत शिरतात. लाखो वर्षांनी हाडाचा आकार तसाच राहतो आणि पदार्थ दगडाचा होतो. म्हणजे गाळाचा खडक पाहिजे. लमेटाचे थर तसे आहेत. वाळूचा खडक, चुनखडीचा खडक, त्यात नद्यांचा आणि तळ्यांचा गाळ. जबलपूरच्या टेकड्यांवर हे थर एकावर एक कसे बसलेत, हे मॅटलींनीच बारकाईनं मांडून ठेवलं. त्यांचा प्राणी टिकला नाही, पण हे काम आजही उपयोगी पडतं.

आपला काळा दगड मात्र वेगळा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून तापलेला रस बाहेर आला. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. थरावर थर बसले. महाराष्ट्राची सुमारे चार पंचमांश भूमी त्याच दगडाची आहे. सातपुडा, अजिंठ्याचा डोंगर, धुळ्याजवळचा लळिंग किल्ला, आपला पाटा-वरवंटा आणि जातं, सगळं त्याच रसाचं. कपाशीची काळी जमीनही त्याच दगडाची झिजून झालेली. धुळे-नंदुरबारकडं शेतातून जाणारी काळ्या दगडाची लांब भिंत पाहिली आहे ना? माणसानं बांधल्यासारखी वाटते. ती त्या रसाची भेग आहे. रस भेगेतच थिजला, बाजूचा मऊ दगड झिजून गेला, भिंत उभी राहिली.

अकराशे अंश तापलेल्या रसात हाड टिकेल का? चुलीत टाकलेलं लाकूड टिकत नाही, तिथं हाडाची काय कथा. म्हणून काळ्या कातळाच्या आत डायनोसॉरचं हाड मिळत नाही. लमेटाचे थर या कातळाच्या खाली आहेत, गादीखाली सतरंजी असते तसे. कडा जिथं उघड्या पडल्या तिथंच ते दिसतात. जबलपूरला दिसतात, चंद्रपूर-नागपूरकडं दिसतात, गुजरातेत बालासिनोरजवळ दिसतात, आणि शिरपूर, सेंधवा ओलांडून नर्मदेपलीकडं गेलं की धार जिल्ह्यात दिसतात. आपल्या जळगाव-धुळ्यात वर आहे तो कातळ, आणि तापी-पूर्णेच्या काठी शेकडो फूट साचलेला नदीचा गाळ. तो गाळ डायनोसॉर संपल्यानंतर फार उशिरा साचला. त्यात दगड झालेलं हाड निघालंच तर ते हत्ती, रानबैल अशा जनावरांचं असणार. गोदावरी आणि प्रवरेच्या गाळात अशी हाडं मिळालेली आहेत.

मग तो गोल दगड काय आहे?

बहुतेक वेळा चार गोष्टी फसवतात.

पहिली, कातळाचे गोटे. काळा कातळ पाण्यानं झिजताना कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सुटत जातो आणि मध्ये गोल गोटा उरतो. मुरमाच्या खाणीत असे शेकडो दिसतात. पापुद्रा काढला की खाली पुन्हा पापुद्राच. अंड्याला कवच एकच पातळ असतं.

दुसरी, गारगोटी. रस थिजताना त्यात हवेचे बुडबुडे राहिले. पुढं त्या पोकळीत स्फटिक भरले. जळगाव जिल्ह्यातल्या खाणींतले असे स्फटिक देशोदेशीच्या संग्रहांत आहेत. बाहेरून गोल आणि आत चमकतं, ते अंडं नव्हे.

तिसरी, चुनखडीचे खडे. आपल्या गाळाच्या जमिनीत पांढरट, वाकडेतिकडे खडे असतात. झाडाच्या मुळाभोवती चुना साचला की तो हुबेहूब नळीच्या हाडासारखा दिसतो.

चौथी, दगडावरचं काळं झाड. भेगेत झिरपलेल्या क्षारांची ती नक्षी असते. दगड झालेलं पान नव्हे.

खऱ्या हाडाची खूण मोडलेल्या टोकाला असते. मटणातली नळी आठवा. बाहेर घट्ट, आत जाळीदार. दगड झालेल्या हाडातही ती जाळी दिसते. कातडीतल्या हाडाची खूण वेगळी. एका बाजूला उंचवटा किंवा कणा, वर बारीक खळगे, खालची बाजू बरीचशी सपाट. पण शेवटचा निकाल पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखालीच लागतो.

शेणातून निघालेलं गवत

एक गंमत सांगते. चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा तालुक्यात पिसदुरा गाव आहे. तिथल्या शेतांत डायनोसॉरच्या हाडांबरोबर त्यांचं दगड झालेलं शेणही मिळतं. असलं शेण ओळखायला सुरुवात झाली त्यातही मेरी ॲनिंगचा हात होता. काही गोटे प्राण्यांच्या पोटाच्या जागी सापडतात आणि फोडले की आत माशांची हाडं निघतात, हे तिनं पाहिलं होतं. पिसदुऱ्याच्या शेणाचा अभ्यास लखनौच्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला आणि २००५ मध्ये छापला. त्यात गवताचे कण निघाले. गवताच्या पात्यात काचेसारखे बारीक कण असतात, आणि पात्यानं बोट कापतं त्यात त्यांचा वाटा असतो. ते कुजत नाहीत. डायनोसॉरच्या काळात गवत नव्हतं असं तोवर मानलं जायचं. ते मत एका शेणाच्या गोट्यानं बदललं. पुढं त्यातच भाताच्या कुळातल्या गवताच्या खुणाही मिळाल्या. शेणाला कमी लेखू नका म्हणतात ते उगीच नाही!

सापडलं तर काय करायचं?

धार जिल्ह्यात पाडल्या गावचे लोक पिढ्यान् पिढ्या काही गोल दगडांची काकड भैरव म्हणून पूजा करत होते. शेताची आणि गुरांची राखण करणारा देव. २०२३ मध्ये तज्ज्ञांनी सांगितलं की ती टायटॅनोसॉरची अंडी आहेत. त्याच वर्षी धार भागातून ९२ घरटी आणि २५६ अंडी यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना वाटलं, गावकरी भोळे. मला उलट वाटतं. त्यांनी तो दगड वेगळा आहे हे ओळखलं, फोडला नाही, विकला नाही, जपला. गुजरातेत रैयोलीच्या जीवाश्म उद्यानाची राखण करणाऱ्या आलिया सुलताना बाबी यांनी एका घरात असं अंडं मसाला वाटायला वापरताना पाहिलं होतं. तेही एका परीनं टिकलंच. फुटतं ते चोरून विकलेलं, आणि हरवतं ते नाव-गाव न लिहिलेलं.

आणि आपल्या खानदेशालाही मान आहे बरं का. चाळीसगाव तालुक्यात पाटणादेवीजवळच्या पाटणे गावी १९७२-७३ मध्ये पुरातत्त्व खात्याचे एस. ए. साळी यांनी उत्खनन केलं. तिथं शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे मिळाले, काहींचे मणी केलेले, आणि एका तुकड्यावर आडव्या-तिरप्या रेघांची नक्षी कोरलेली. सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीची. भारतातल्या अगदी जुन्या नक्षींपैकी ती एक. नखाएवढ्या कवचाच्या तुकड्याकडं कोणीतरी नीट पाहिलं आणि तो कुठल्या थरातून निघाला ते लिहून ठेवलं, म्हणून आज आपल्याला माहीत आहे की खानदेशात कधीकाळी शहामृग फिरत होते.

म्हणून गटातल्या सगळ्यांनी एवढं लक्षात ठेवा. वेगळं काही दिसलं तर लगेच उपसू नका. शेजारी एक बांगडी ठेवून फोटो काढा, म्हणजे आकार कळेल. गावाचं नाव, गट नंबर, किती हात खोल, माती काळी की पिवळी, वाळू की मुरूम, हे वहीत लिहा. धुऊ नका, तेल-शेंदूर लावू नका, लिंबू-ॲसिड टाकून बघू नका. दोन जागचे तुकडे एका पिशवीत भरू नका, लग्नघरची भांडी आठवा. मग ग्रामपंचायतीला, शाळेतल्या शिक्षकांना सांगा. जळगावच्या बहिणाबाई चौधरी विद्यापीठात भूविज्ञान शिकवतात, नागपूरला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं कार्यालय आहे, तिथं कळवता येतं. आणि कळवताना ज्या बाईला ते सापडलं तिचं नाव पहिल्या ओळीत लिहा.

दहा वेळा दगडच निघेल. निघू दे. अकराव्या वेळी निघालेला तुकडा ओळखता येईल तो आपण वहीत लिहिलेल्या दोन ओळींमुळेच. बैठकीची वही, जमा-खर्चाची वही आपण ठेवतोच. त्यातच मागचं एक पान या कामासाठी राखून ठेवा.